घरपट्टीची आकारणी आणि तिची दाद

फेर आकारणीची नोटीस आली, कीं गांवांतल्या पेढ्यांवर आणि दुकानांच्या फळ्यांवर आठ दिवस दुसरा विषय निघत नाहीं. गेल्या सालापर्यंत अमुक इतकी असलेली घरपट्टी यंदा दीडपट कां झाली, शेजाऱ्याच्या तेवढ्याच गाळ्यास ती कमी कां, आणि आपण कधीं न घेतलेलें भाडें आपल्या नांवापुढें कोणीं लिहिलें, हे प्रश्न जो तो दुसऱ्यास विचारतो. ज्यास ते विचारावयाचे त्यास विचारण्याची मुदत मात्र तोंवर निघून गेलेली असते. मग बिल येतें, बिलाची मुदत टळली म्हणजे दंड चढूं लागतो, आणि शेवटीं गृहस्थ चार शिव्या मोजून पैसे भरतो. शिव्यांची पावती कोणी देत नाहीं, आणि पुढल्या चार वर्षांची आकारणी त्याच्या मुकाट्यानें भरलेल्या रकमेवरच पक्की होऊन बसते. हा प्रकार आमच्या शहरांत इतका अंगवळणी पडला आहे, कीं घरपट्टीविरुद्ध कायद्यानें दाद मागतां येते ही गोष्टच पुष्कळांस ठाऊक नाहीं. ज्यांस ठाऊक आहे त्यांस ती दाद कोण ऐकतो हें कळलें म्हणजे त्यांचाही उत्साह मावळतो.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करून ठेवितों. घरपट्टी नसावी किंवा ती नाममात्र असावी असें म्हणणारांपैकीं आम्ही नाहीं. जकात गेली. स्थानिक संस्था कर ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांपुरता बंद झाला, आणि १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू होतांच मुंबईची जकातही संपली. तेव्हांपासून नगरसंस्थांच्या हातीं स्वतःचें म्हणून जें मोठें उत्पन्न राहिलें तें मुख्यतः घरपट्टीचें. राज्य सरकार देईल त्या अनुदानावर जगणारी नगरपालिका ही नांवाचीच स्वराज्यसंस्था होय. तिला स्वाभिमानानें उभें राहावयाचें तर नागरिकांनीं तिला पैसा दिलाच पाहिजे. परंतु याच कारणास्तव तो पैसा ज्या मापानें मोजून घेतला जातो तें माप खरें असलें पाहिजे, आणि मापाबद्दल शंका घेणाऱ्यास ती मोकळेपणानें बोलून दाखवितां आली पाहिजे.

माप कसें आहे तें पाहूं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ सालचा आहे. त्यांतील करनियमांप्रमाणें इमारत वर्षानुवर्षानें भाड्यानें दिली तर वाजवीपणें जें वार्षिक भाडें येईल तें धरावयाचें, त्यांतून दुरुस्ती व इतर सर्व बाबींबद्दल शेंकडा दहा वजा करावयाचें, आणि जें उरेल तें करयोग्य मूल्य. त्यावर ठरलेल्या दरानें कर. समजा, बाजारपेठेंत एक गाळा आहे आणि त्याचें वाजवी भाडें दरमहा ५,००० रुपये आहे. वर्षाचे ६०,००० झाले, दहावा हिस्सा वजा जातां करयोग्य मूल्य ५४,००० राहिलें. आतां आकारणी करणाऱ्या कारकुनानें तेंच भाडें ८,००० धरलें, तर मूल्य ८६,४०० होतें. फरक ३२,४०० रुपयांचा. सगळ्या करांची बेरीज शेंकडा ४० आहे असें घेतलें, तर त्या दुकानदारास दरसाल १२,९६० रुपये जास्त पडले. आणि आकारणीची नवी वही निदान चार वर्षांतून एकदां व्हावी एवढाच दंडक असल्यामुळें ती चूक चार वर्षें चालली तर ५१,८४० रुपये. कलमाच्या एका फटक्यानें झालेल्या चुकीची ही किंमत आहे, आणि किरकोळ व्यापाऱ्याच्या नफ्यांतून ती कशी जाते हें आमच्या वाचकांस आम्हीं सांगण्याची जरूरी नाहीं.

वाजवी भाडें म्हणजे अखेर अंदाजच. म्हणून आकारणी एकतर्फीं कायम होऊं नये अशी व्यवस्था कायद्यानेंच करून ठेविली आहे. आकारणीची वही लोकांस पाहावयास खुली ठेवावी, जाहीर नोटीस द्यावी, मूल्य वाढविलें असेल त्यास वेगळी सूचना द्यावी, लेखी तक्रारीस मुदत द्यावी, तक्रारदारास सुनावणीचा दिवस कळवावा, आणि त्याचें म्हणणें ऐकून मग वही पक्की करावी, असा हा क्रम आहे. हरकत घेणें म्हणजे साहेबापुढें पदर पसरणें नव्हे. ती आकारणीच्या कामाचाच एक भाग आहे, आणि ती ऐकल्याखेरीज आकारणी पुरी होत नाहीं.

हें तत्त्व आमच्या पदरचें नाहीं. तें सर्वोच्च न्यायालयानें १९६१ सालीं सांगितलें, आणि सांगण्यास कारण झाली ती सोलापूर जिल्ह्यांतली बार्शी. तेथील नगरपालिकेनें, १९२५ सालच्या म्युनिसिपल बरो कायद्याखालीं, गिरण्या व कारखाने यांच्या इमारतींसाठीं एक सोपा नियम करून टाकिला. दर शंभर चौरस फुटांस इतके रुपये वार्षिक भाडें धरावयाचें. मग तो तळमजला असो, माडी असो कीं तळघर असो. बार्शीच्या लोकमान्य मिल्सनें याविरुद्ध झगडा मांडला आणि तो दिल्लीपर्यंत नेला. (टिळकांच्या पदवीनें ओळखल्या जाणाऱ्या गिरणीनें आपल्याच गांवच्या स्वराज्यसंस्थेशीं भांडावें यांत कोणास विसंगति वाटेल, आम्हांस वाटत नाहीं.) न्यायालयानें गिरणीच्या बाजूनें निकाल दिला. त्याचें सार असें, कीं निरनिराळ्या जातीच्या इमारतींचें भाडें दर चौरस फुटास एकसारखेंच येईल हें गृहीतच खोटें आहे; आणि त्याहून मोठा दोष हा, कीं असा ठोकळ दर नियमांत गोठवून टाकिला म्हणजे हरकत घेण्याचा कायद्यानें दिलेला हक्क करदात्याच्या हातून व्यवहारतः काढून घेतल्यासारखें होतें. हरकत कशाला घ्यावयाची? क्षेत्रफळ टेपनें मोजतां येतें आणि दर तर नियमानें बांधलेला! म्हणजे सुनावणीची खोली आहे, खुर्ची आहे, खुर्चीवर अधिकारीही आहे. परंतु त्यास ठरवावयास कांहीं उरलेंच नाहीं.

साठ वर्षांवर काळ लोटला, तरी आमच्या मतें प्रत्येक वॉर्ड ऑफिसांत हा निकाल भिंतीवर लावून ठेवण्यासारखा आहे. कारण त्या वेळीं जें काम नियमाच्या एका ओळीनें होत होतें, तेंच आज संगणकांत भरलेल्या विभागवार दरांनीं होतें. दर ठरवून काम सोपें करण्यास आमची हरकत नाहीं. हजारों इमारतींची आकारणी करणाऱ्या संस्थेस कांहींतरी कोष्टक लागणारच. परंतु कोष्टक हा हिशेबाचा आरंभ असावा, शेवट नसावा. माझा गाळा बोळाच्या आंत आहे, समोर गटार आहे, छप्पर गळतें, आणि हा पहा नोंदलेला भाडेकरार, असें म्हणत आलेल्या माणसास "दर संगणकांत आहे, आमच्यानें बदलवत नाहीं" असें उत्तर जेथें मिळतें, तेथें बार्शीचाच दोष नव्या वेषानें परत आला असें समजावें.

आतां मुख्य दुखण्याकडे वळतों. हरकत ऐकतो कोण? महापालिकेंत आकारणीचा अधिकार आयुक्तांचा, आणि तक्रार ऐकण्याचा अधिकारही आयुक्तांचा किंवा त्यांनीं नेमलेल्या हाताखालच्या अधिकाऱ्याचा. ज्या खात्यास वर्षअखेर वसुलीचा आकडा दाखवावयाचा आहे, त्याच खात्यांतील गृहस्थ आपल्याच खात्याची आकारणी जास्त झाली कीं काय याचा निवाडा करणार. मंडईंत माल विकणारा, तो तोलणारा आणि तोलाची तक्रार ऐकणारा असा एकच इसम असेल, तर गिऱ्हाईक त्या मंडईंत पुन्हां जाणार नाहीं. घरमालकास मात्र दुसरी मंडई नाहीं. आम्ही कोणा अधिकाऱ्याच्या सचोटीवर शिंतोडा उडवीत नाहीं. पुष्कळ अधिकारी मेहनती आहेत, आणि उघड चूक दाखविली तर ती दुरुस्त करतातही. परंतु न्याय हा देणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून राहूं लागला, कीं त्यास मेहेरबानी म्हणतात. नगरपरिषदांच्या १९६५ सालच्या अधिनियमांत अधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी व मालमत्ता कराची अपील समिति अशी योजना आहे, म्हणजे आकारणारा व अपील ऐकणारा हे वेगळे असावेत हें तत्त्व आमच्या विधिमंडळास अपरिचित नाहीं. तें लहान गांवांस लागू आणि मोठ्या शहरांस नको, याचें कारण काय?

कोणी म्हणतील, पुढें न्यायालय आहे ना? आहे, पण त्याच्या दाराशीं टोल आहे. १९४९ च्या अधिनियमाच्या ४०६ व्या कलमाप्रमाणें न्यायाधीशाकडे अपील करतां येतें. त्यास मुदत पंधरा दिवसांची. त्यापूर्वीं आयुक्तांकडे तक्रार केलेली असली पाहिजे, आणि बिल आलें असेल तर बिलांत मागितलेली रक्कम आधीं भरलेली असली पाहिजे. म्हणजे जी रक्कम अन्यायाची आहे असें आमचें म्हणणें, तीच सबंध भरून मग अन्यायाची तक्रार करावयाची! ज्याच्यापाशीं पैसा आहे त्यास ही अट फारशी जड नाहीं, तो भरतो आणि वकील देतो. ज्याच्यावर खरोखर जास्त आकारणी झाली असून ती भरण्याची ऐपत नाहीं, त्याच्यापुरतें मात्र हें दार बंद. आकारणी जितकी अवाच्या सवा, तितकें तिच्याविरुद्ध अपील करणें अधिक महाग, असा हा उफराटा न्याय आहे.

या अटीविरुद्ध कोर्टांत जाऊन उपयोग होईल अशी आशा आम्ही वाचकांस दाखवीत नाहीं. अहमदाबादच्या गिरण्यांनीं हाच मुद्दा लढविला होता. १९७५ सालीं अनंत मिल्सच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें, कीं अपिलाचा हक्क कायद्यानें दिलेला आहे, तेव्हां देणाऱ्या विधिमंडळास त्यावर अट घालतां येते. कायदेशीर दृष्ट्या हें उत्तर सरळ आहे, आणि त्यांतूनच इलाज कोठें करावयाचा तेंही कळतें. जी अट विधिमंडळानें घातली ती विधिमंडळानेंच काढली पाहिजे, आणि विधिमंडळाकडून ती काढविणें हें काम वकिलांचें नसून मतदारांचें आहे. आमची मागणी माफक आहे. जेवढ्या रकमेबद्दल वाद नाहीं तेवढी करदात्यानें आधीं भरावी. वादग्रस्त रकमेचा निकाल लागेपर्यंत तिची सक्ती नसावी. निकाल विरुद्ध गेला तर ती त्यानें व्याजासुद्धां द्यावी. यांत नगरसंस्थेचें एका पैचें नुकसान नाहीं.

हें अव्यवहार्य आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं अमेरिकेंतील टेक्सस संस्थानाकडे पाहावें. तेथें मालमत्तेची किंमत ठरविणारी कचेरी वेगळी आणि तिच्याविरुद्ध गाऱ्हाणें ऐकणारें फेरतपासणी मंडळ वेगळें. मंडळावर बसतात ते स्थानिक नागरिक, कचेरीच्या नोकरास तेथें बसतां येत नाहीं. सर्वसाधारणपणें १५ मेपर्यंत, किंवा नोटीस निघाल्यापासून तीस दिवसांत, यांपैकीं जी मुदत उशिराची असेल तींत तक्रार करावयाची. कचेरीपाशीं जो पुरावा असेल तो तक्रारदारानें मागितला असतां सुनावणीच्या निदान चौदा दिवस आधीं त्यास द्यावा लागतो, आणि आपली किंमत बरोबर आहे हें दाखविण्याचा बोजा सामान्यतः कचेरीवरच असतो. "माझी किंमत बाजाराहून जास्त धरली" एवढेंच नव्हे, तर "माझ्यासारख्या इतरांच्या मानानें मला जास्त धरलें" ही देखील तेथें स्वतंत्र तक्रार होऊं शकते. पुढें कोर्टांत जावयाचें तर वाद नसलेल्या भागाचा कर भरला असतां सामान्यतः भागतें. तेथें सर्व कांहीं आलबेल आहे असें नाहीं; मोठे मालमत्तावाले धंदेवाईक सल्लागार लावून दरवर्षीं किंमत उतरवून घेतात आणि लहान घरवाला मागें राहतो, अशी ओरड तेथेंही आहे. आम्हांस त्या मंडळाची नक्कल नको आहे. परंतु शेजाऱ्याची आकारणी पाहण्याचा व तिच्याशीं आपली ताडून पाहण्याचा हक्क एवढी एकच गोष्ट आमच्याकडे खरोखर अमलांत आली, तर अर्ध्या तक्रारी सुनावणीपूर्वींच मिटतील.

मुंबईची हकीगत याहून शिकविणारी आहे. तेथें १ एप्रिल २०१० पासून भाड्याऐवजीं भांडवली मूल्यावर, म्हणजे रेडी रेकनरच्या किमतीच्या पायावर, कर बसविण्याची पद्धत आली. तिचे नियम २०१२ सालीं झाले आणि ते २०१० पासून लागू केले गेले. त्यांत जमिनीवर पुढें कधींकाळीं किती चटईक्षेत्र बांधतां येईल याचाही हिशेब मूल्यांत धरला होता. आज जेथें बैठी चाळ आहे, तेथें उद्यां मनोरा उठूं शकेल म्हणून चाळीच्या मालकानें मनोऱ्याच्या मानानें कर द्यावा, असा तो प्रकार. मालमत्ताधारकांच्या संघटना उच्च न्यायालयांत गेल्या. २०१९ सालीं ते नियम रद्द ठरले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल कायम केला. आज जें आहे त्याचें मूल्य धरा, होऊं घातलेल्याचें नव्हे. आणि नियम मागील तारखेपासून लावूं नका, असा त्याचा मथितार्थ. निकाल चांगला झाला. पण २०१० पासून २०२२ पर्यंत बारा वर्षें गेलीं! संघटनेस बारा वर्षें लढतां येतें; एकट्या दुकानदारास बारा आठवडेही दुकान बंद ठेवून कोर्टांत बसतां येत नाहीं.

पुण्याची गोष्ट निराळी आहे, पण तिचा धडाही उपयोगाचा. स्वतःच्या घरांत राहणाऱ्यांस तेथें १९७० पासून करयोग्य मूल्यांत शेंकडा ४० सूट मिळत होती, आणि दुरुस्तीची वजावटही कायद्यांतल्या दहाऐवजीं पंधरा धरली जात होती. लेखापरीक्षणांत आक्षेप निघाला, २०१९ सालीं सूट गेली, पुणेकरांनीं ओरड केली, आणि २०२३ सालीं ती परत आली. परंतु आपण स्वतः राहतों याचा पुरावा जोडून पीटी-३ नांवाचा अर्ज भरण्याचें काम अनेकांच्या गळ्यांत पडलें. जी सवलत कायद्याच्या शब्दांत नव्हती, ठरावाच्या आधारावर उभी होती, ती एका शेऱ्यानें कशी ढळते हें त्या वेळीं दिसलें. करदात्याचा हक्क कायद्याच्या पोटांत असावा म्हणून आम्ही आग्रह धरतों तो यासाठींच.

या देशांतील नगरवासीयांनीं घरपट्टीपुढें नेहमींच मान वांकविली असें मात्र नव्हे. १८१० च्या रेग्युलेशनानें कंपनी सरकारनें घरांवर कर बसविला तेव्हां काशीचे लोक दुकानें बंद करून हजारोंच्या संख्येनें मैदानांत जाऊन बसले, आणि अखेर सरकारास तो कर तेथें सोडून द्यावा लागला. मुंबईंत १८६५ च्या कायद्याखालीं आर्थर क्रॉफर्ड हे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. त्यांनीं शहर झाडून काढिलें, मंडई उभारली, पण खर्चास धरबंध राहिला नाहीं आणि १८७१ सालीं करदाते खवळले. त्या वादांत तरुण फिरोजशहा मेहता यांनीं क्रॉफर्ड यांची बाजू घेतली. पण त्याबरोबरच, अधिकाऱ्यास अधिकार द्या आणि त्यावर करदात्यांनीं निवडलेल्या सभेचा दाब ठेवा, असें प्रतिपादन केलें. पुढल्या सालच्या कायद्यानें ६४ सभासदांची सभा झाली व त्यांतले निम्मे करदात्यांनीं निवडावयाचे ठरले. आमच्या नगरस्वराज्याचा उगम असा घरपट्टीच्या तक्रारींत आहे. आणि त्याच मुंबईची, तशीच पुणें, ठाणें, नाशिक व नागपूर यांची मुदत मार्च २०२२ मध्यें संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाहीं, सगळा कारभार प्रशासकांच्या हातीं राहिला! कर ठरविणारा, आकारणारा, तक्रार ऐकणारा आणि खर्च करणारा असा एकच अधिकारी त्या काळांत होता. १८७१ च्या करदात्यांनीं जें मागून घेतलें तें एवढ्या सहज बाजूस ठेवतां येतें, याची खंत आम्हांस घरपट्टीच्या वाढीहून अधिक आहे.

व्यापारी बंधूंसही दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. भाड्यानें दिलेला गाळा स्वतःच्या वापरांत दाखविणें, भाड्याचा अर्धा भाग करारांत आणि अर्धा हातांत घेणें, वाढविलेला मजला नोंदवूं न देणें, हे प्रकार आमच्या बाजारांत नाहींत असें छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? असल्या गृहस्थास सुनावणीच्या खोलींत न्यायाची गोष्ट बोलण्याचें तोंड राहत नाहीं. आणि त्यानें चुकविलेला कर अखेर त्याच्या प्रामाणिक शेजाऱ्याच्या बिलांत येतो. ज्यांचे कागद स्वच्छ आहेत त्यांनींच या कामीं पुढें झालें पाहिजे.

यंदा ज्यांच्या हातीं नोटीस येईल त्यांनीं ती हातीं पडली तो दिवस तिच्यावरच लिहून ठेवावा, कारण मुदत तेथून मोजावी लागते. वॉर्ड ऑफिसांत जाऊन आकारणीच्या वहींतील आपली नोंद स्वतः पाहावी. क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार व साल यांत चूक असेल तर निम्मा कज्जा तेथेंच जिंकला. नोंदलेला भाडेकरार, भाड्याच्या पावत्या, इमारतीचा नकाशा, मागील चार वर्षांचीं बिलें आणि त्याच ओळींतल्या दोन-तीन सारख्या गाळ्यांच्या आकारणीची माहिती जोडावी. "पट्टी फार झाली" असें मोघम न लिहितां, आपल्या मतें वाजवी भाडें किती व कां, तें आंकड्यांत लिहावें. एकट्यास वेळ नसेल तर एका पेठेच्या दुकानदारांनीं मिळून एक जाणता माणूस सुनावणीस पाठवावा. पण अर्ज प्रत्येकाचा वेगळा असावा, कारण अपिलाची वेळ आली तर ज्यानें स्वतः तक्रार केली नाहीं त्याचें तेथें कोणी ऐकणार नाहीं. सुनावणींत जें ठरेल त्याची कारणांसह लेखी प्रत मागावी, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का व सही घेतल्याखेरीज खिडकीपासून हलूं नये.